टोकाची खाच

भाईंदर पूर्व
सोमवार, ७ जुलै २०२५

दादा,

माझा फोन तू उचलत नाहीस. वहिनीच्या फोनवर केला तर तू मागच्या दारी निघून जातोस, असं ती म्हणते. पत्र आलं तर मात्र वाचशील असं तिला वाटतं, म्हणून हे स्पीड पोस्टने टाकतेय. कामाचंच आहे.

चंदनभाईंना गाळ्याच्या भिंतीवर एक तक्ता लावायचाय. कुठल्या धातूला कुठलं ड्रिल बिट, धार कशी लावायची, ते कधी टाकून द्यायचं. मार्चमधल्या अपघातानंतर विम्याच्या माणसाने तशी सूचना लिहून दिली होती. शेठ म्हणाले, "संचिताबेन, तुम बीएस्सी हो, स्टोअर भी तुम्हारे पास, तुम ही लिखो." मला नाही म्हणता आलं नाही. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेल्या बाईला स्टीलला होल कसं पाडायचं हे ठाऊक असतं, असं त्यांना अजून वाटतं. मला जे ठाऊक आहे ते तुझ्याकडून आलेलं, आणि तेही रविवारी तू ग्राइंडरवर उभं करून दाखवलंस तेवढंच.

तेव्हा सांग. एस.एस.ला, म्हणजे स्टेनलेसला, कोबाल्टचंच बिट का? मशीन किती जोरात फिरवायचं? तेल कधी घालायचं? धार लावून झाली की दोन्ही बाजू सारख्या झाल्यात हे तू कोन मोजायचं गेज न लावता कसं ओळखायचास? आणि सहजच विचारते, तुझ्या काही बिटांच्या अगदी टोकाशी, मधोमध, दोन्हीकडून एक बारीक खाच दिसायची. ती वापरून पडलेली, की तू केलेली?

इकडचं सांगायचं तर रोहित परत कामावर येतोय. पॅकिंगला बसवलाय. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात शिरा जोडल्यात, आता जेवढं वळेल तेवढं खरं. तुझं नाव तो काढत नाही. दुसऱ्या कोणी काढलं की उठून पाणी प्यायला जातो. हे तुला लिहावं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. न लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, सगळं ठीक झालंय.

उत्तनचे ते बोटवाले येऊन गेले, ज्यांच्या जाळं ओढायच्या मशीनची प्लेट अपघाताच्या दिवशी तुझ्या हातात होती. दारातूनच म्हणाले, "दिपेश न्हाय? मंग माजी प्लेट कोन करल?" विठू म्हणाला, मी करतो. ते म्हणाले, "तू कर, पन त्याला इचारून कर." विठूचं तोंड पडलं. तू काम सोडून गावी गेल्यापासून मोठ्या मशीनवर तोच आहे आणि रोज कोणीतरी त्याला तुझी आठवण काढून दाखवतं.

वहिनीने लांज्याच्या प्रशिक्षण केंद्राचं सांगितलं. फिटरच्या कोर्सच्या मुलांना शिकवायला तुला बोलावलंय, चौदा ऑगस्टपर्यंत कळवायचंय, आणि तू म्हणतोस, ज्याचा हात चुकला त्याने शिकवू नये. त्यावर मी आज काही बोलत नाही. तक्त्याचं तेवढं कळव.

संचिता


भाईंदर पूर्व
शनिवार, १९ जुलै

दादा,

तुझा कागद काल मिळाला. पाठपोट फक्त बिटं. वर "संचितास" आणि खाली "दिपेश", मधे एक शब्द घरचा नाही. तरी मी तीनदा वाचला. तू बोलतोस तसाच लिहितोस.

"एस.एस.ला साधं बिट लावलं तर दोन होलांत मरतं. कोबाल्ट तापलं तरी धार धरून ठेवतं, म्हणून ते." हे तक्त्यात तुझ्याच शब्दांत घातलं. "मशीन सावकाश, हात घट्ट. एस.एस.वर बिट नुसतं घासत ठेवलं की खालची जागा कडक होऊन बसते, मग नवं कोरं बिट आणलं तरी आत जात नाही." हेही घातलं. टोकाचा कोन साध्या लोखंडाला, एम.एस.ला, ११८ अंश चालतो, एस.एस.ला चपटा, १३५. धार लावताना टोक निळं पडलं तर तेवढा भाग गेला समजायचं. तापलं म्हणून पाण्यात बुचकळायचं नाही, केसासारख्या भेगा पडतात, हवेत गार होऊ द्यायचं. आणि ते शेवटचं, "दोन्हीकडून किसाची सारखी वेटोळी निघाली की धार बरोबर. एकीकडूनच निघतात तेव्हा दुसरी बाजू उपाशी आहे." हे वाचून विठू म्हणाला, "ताई, हे बायकोला पण लागू आहे का?" आणि मग म्हणाला की तक्ता एवढा मोठा झालाय, वाचून होईपर्यंत शिफ्ट संपेल. शेठना हिंदीतही हवाय. "उपाशी"ला "भूखा" लिहिलं तर ते हसतील, पण मी तेच लिहिणार आहे.

खाचेचं वाचलं.

तू लिहिलंयस, बिट झिजून आखूड होत जातं तसा त्याचा मधला गाभा जाड होत जातो. गाभा कापत नाही, नुसता रेटतो. म्हणून तू टोकाशी दोन्हीकडून तो घासून बारीक करायचास, तीच खाच. "ती मुद्दाम केलेली असते. ती नसेल तर दहा एमेमच्या एस.एस.ला ते बिट लावणं म्हणजे लाटण्याने होल पाडणं." एक विचारू का? खाच नसतानाही बिट नीट चाललं असं कधी झालंय का? नवी बिटं आपण केबिन रोडच्या दुकानातून आणतो, त्यातल्या सगळ्यांना काही ती नसते. मग ती नसणं एवढं मोठं कारण होऊ शकतं का? तक्त्यासाठी विचारतेय.

कागदाच्या शेवटी तू लिहिलंयस, "त्या दिवशी माझ्याच हातून दोन बाजू कमीजास्त झाल्या असणार. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पण रोहितला तेवढी चूक पुरली." दादा, हे तू कशावरून ठरवलंस? बिटाचं टोक कोणी पाहिलेलं नाही. तुटलेला तुकडा सापडला नव्हता. तो न पाहता तू तुझ्याच हाताला दोष देऊन मोकळा झालास. प्लेट आवळून धरायचा क्लॅम्प लावला नव्हतास हे खरं. पहिलं होल कसंबसं पडलं, दुसऱ्यासाठी प्लेट सरकवलीस आणि क्लॅम्प परत आवळला नाहीस, रोहित हाताने धरून उभा राहिला. ते तुझं आहेच. पण क्लॅम्प नसला म्हणून बिट अडकत नाही. अडकलं म्हणून प्लेट फिरली. ते का अडकलं, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुझा हात असेलच असं नाही.

लांज्याला अजून नकार कळवू नकोस. एवढं ऐक.

संचिता


भाईंदर पूर्व
शनिवार, २६ जुलै

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस. वहिनी म्हणाली, गावच्या शाळेच्या फाटकाला चार होलं पाडून हवी होती, हेडमास्तर स्वतः मशीन घेऊन आले, आणि तू फाटकाजवळ उभा राहून म्हणालास, दुसरं कोणी बघा. मग घरी येऊन दुपारभर पडून राहिलास. ती सांगताना रडत नव्हती, तिला राग आला होता. म्हणाली, "तुमच्या भावाला मी घरात माणूस म्हणून ठेवलंय की कपाट म्हणून, कळत नाही."

मला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं.

अपघात बारा मार्चला झाला. त्या दिवशी गाळा बघायला मोठ्या गिऱ्हाइकाचा तपासनीस यायचा होता, म्हणून आदल्या दिवशी सगळी साफसफाई चालली होती, तुला आठवत असेल. तू वहिनीला दवाखान्यात न्यायचं म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर निघालास. तू गेल्यावर तुझ्या ट्रेमधली काही बिटं गाळ्यातल्या एकाने ग्राइंडरवर घेतली होती. टोकाला तुटल्यासारखी दिसत होती, तपासनिसाला दिसू नयेत म्हणून. चांगल्या हेतूनेच. खाच घासून टाकली आणि टोक गेजप्रमाणे ११८ला बसवलं. म्हणजे दुसऱ्या दिवशी तू ट्रेमधून उचललंस ते बिट तू लावलेलं नव्हतं. तुझ्या धारेचं त्यात काही उरलेलंच नव्हतं.

मला हे उशिरा समजलं. तुझा हात चुकलेला नाही, एवढं धर. बाकीचं महत्त्वाचं नाही.

संचिता


भाईंदर पूर्व
रविवार, ३ ऑगस्ट

दादा,

विठू नव्हता. मी होते.

गुरुवारी दुपारी विठू स्टोअरच्या खिडकीशी आला. हातातलं काम टाकून आला होता, हाताला तेल तसंच. म्हणाला, "ताई, दिपेशभाऊंचा फोन आला. साडेचार महिन्यांनी. मला वाटलं खुशाली विचारतायत. तर म्हणे, माझ्या ट्रेला हात लावलास का. मी नाही म्हटलं तर म्हणाले, खोटं बोलायला शिकलास, आणि ठेवला." मग म्हणाला, "मी त्यांच्या हाताखाली शिकलो. ट्रे सोडा, मी त्यांच्या चहाच्या ग्लासाला हात लावत नव्हतो. ताई, तुम्ही त्या दिवशी इथेच होतात. तुम्ही सांगा ना त्यांना."

मी त्याला म्हटलं, सांगते. त्याने खिडकीच्या कठड्यावरचे तेलाचे ठसे खिशातल्या चिंधीने पुसले आणि गेला. "गाळ्यातल्या एकाने" हे दोन शब्द लिहिताना मला वाटलं होतं, मी तुला सोडवतेय आणि कोणाला अडकवत नाहीये. गाळ्यात ग्राइंडर चालवणारी माणसं तीन. तू, विठू आणि मी. तुला मी आठवणार नाही, हे मला आतून माहीत होतं. माहीत असल्याशिवाय मी ते वाक्य तसं लिहिलंच नसतं.

आता सगळं लिहिते, क्रमाने.

तपासणीच्या कागदावर एक रकाना होता, बिटांची स्थिती. दोनच पर्याय, चांगली आणि तुटकी. मी भिंग घेऊन तुझी आठ बिटं बघितली. त्यातल्या तीन बिटांच्या टोकाला दोन्हीकडून गाभा खाल्लेला. मी "तुटकी" लिहायला घेतलं, आणि लिहवेना, कारण ट्रे तुझा. मग वाटलं, लिहायचं कशाला, दुरुस्तच करून टाकू. तूच शिकवलं होतंस. कोपर टेकायचं, मनगट नाही. घास, उचल, बघ, परत घास. मी तीनही बिटं खाच नाहीशी होईपर्यंत मागे आणली. गेज लावून ११८ केली. निळी पडू दिली नाहीत, पाण्यात बुडवली नाहीत. दोन्ही बाजू सारख्या आल्या. मी ती परत ट्रेमध्ये आपापल्या जागी ठेवली आणि कागदावर "चांगली" लिहिलं.

तुला विचारायला फोन करता आला असता. तू दवाखान्यात होतास, पण फोन तुझ्याकडे होता. केला नाही, कारण मला तुला चकित करायचं होतं. माझ्या रोजनिशीत अकरा मार्चचं पान आहे, काल काढून बघितलं. लिहिलंय, "दादाची तीन बिटं साफ केली. उद्या बघेल तेव्हा हसेल." माझी चूक आणि माझी खुशी, दोन्ही एका ओळीत. वाचवत नाही.

दुसऱ्या दिवशी तू चष्मा वर सरकवलेला, तपासनीस मागे उभा, शेठ त्याच्या मागे. तू न बघता ट्रेमधलं दहाचं बिट उचललंस, कारण तुझ्या ट्रेमध्ये तुझंच असणार. पहिल्या होलाला तू म्हणालास, "आज खात नाहीये." मी चार हातांवर होते. ऐकलं. मला वाटलं, प्लेट कडक असेल. हे अगदी खरं आहे, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. तू रेटलंस, कारण पाहुणे बघत होते आणि ते बिट रेटल्याशिवाय जाणारच नव्हतं. पुढचं तुला माहीत आहे.

तुला माहीत नाही ते असं. सगळे रोहितला घेऊन रिक्षाकडे धावले तेव्हा मी मशीनपाशी राहिले. बिटाचा टोकाकडचा तुकडा ट्रेखाली पडला होता. मी तो उचलून ओढणीच्या टोकात बांधला, आणि संध्याकाळी शेठनी विचारलं तेव्हा म्हटलं, सापडत नाहीये. त्या वेळी खाच म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. माझं काही चुकलंय असंही मला वाटत नव्हतं. मग उचलला कशाला? हे मी स्वतःला साडेचार महिने विचारतेय. मला वाटतं, माझ्या हाताला ठाऊक होतं आणि मी त्याला बोलू दिलं नाही. हे वाक्य फार छान झालंय, म्हणून त्यावर माझा विश्वास नाही. साधं सांगायचं तर मी घाबरले होते. तू चुकलास असं सगळे म्हणत होते, तूही म्हणत होतास, आणि त्यात माझं नाव कुठेच येत नव्हतं.

तुकडा माझ्या ड्रॉवरमध्ये होता. तुझं जुलैचं पत्र आल्यावर भिंगाखाली धरला. खाच नाही. मधला गाभा रुंद, सपाट, रेटून काळा पडलेला. "सापडला नव्हता" असं मी तुला एकोणीस तारखेला लिहिलं, तेव्हा तो त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता.

माझं किती आणि तुझं किती, याचा हिशेब मी मांडून बघितला आणि फाडून टाकला. क्लॅम्प तुझा, बिट माझं. क्लॅम्प असता तर रोहितचा हात वाचला असता. बिट तुझं असतं तर क्लॅम्पची गरजच पडली नसती. याहून कमी मी घेणार नाही. जास्त घेतलं तर तो मोठेपणा होईल आणि तू लगेच ओळखशील.

विठूला काल सांगितलं. तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत ते बरं झालं."  त्याला तू फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

उद्या शेठना आणि रोहितला सांगणार आहे. तुला आधी कळायला हवं होतं.

संचिता


भाईंदर पूर्व
रविवार, १० ऑगस्ट

दादा,

काल राखीपौर्णिमा झाली. राखी पाठवली नाही. मागच्या पत्रामागून राखी आली असती तर ती कशासाठी पाठवली हे मलाच सांगता आलं नसतं.

सोमवारी शेठना तुकडा दाखवला आणि सांगितलं. ते म्हणाले, "बेन, पाँच महिना हो गया. विमेवाला आके गया, कागज बंद हो गया. अब काहे को खोलती हो?" मी म्हटलं, अपघाताच्या वहीत कारण म्हणून लिहिलंय, ऑपरेटरने बिटाला नीट धार लावली नव्हती आणि क्लॅम्प लावला नव्हता. त्यातलं पहिलं खोटं आहे. ते म्हणाले, "दिपेशने खुद बोला था." मी म्हटलं, त्याला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "तुमको मालूम था?" तेव्हा नव्हतं, पण तुकडा लपवला तो मीच, असं मी सांगितलं. ते खुर्चीवरून उठले, पंखा बंद केला, परत चालू केला. मला काढून टाकतील असं वाटलं. शेवटी म्हणाले, "वही में काटना नहीं. ऊपर का ऊपर रहेगा. नीचे लिखो, तारीख डालके, अपने हाथ से." विमेवाल्याला ते स्वतः कळवणार आहेत. स्टोअर माझ्याकडे ठेवतील की नाही, ते महिनाअखेर सांगतो म्हणाले. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रोहितला पॅकिंगच्या टेबलाशीच सांगितलं. बाजूला नेऊन सांगितलं असतं तर ते माझ्या सोयीचं झालं असतं. तो डाव्या हाताने टेप फाडत होता, दाताने धरून. ऐकून म्हणाला, "म्हणजे दादांनी नाही?" मी नाही म्हटलं. "ताई, मी त्या माणसाला रोज शिव्या घालतो. सकाळी शर्टाची बटणं लावताना, रोज. बायको म्हणते पुरे झालं आता. आणि तुम्ही इथे पाच महिने रोज मला विचारताय, कसं आहे रे, औषध घेतलंस का."  तो म्हणाला, "आता काय, नाव बदलून शिव्या घालू?" बाजूची दोघं हसली, तोही थोडा हसला, आणि मग त्याने टेपचं रीळ जोरात टेबलावर आपटलं आणि म्हणाला, "जा तुम्ही इथून." मी गेले.

शुक्रवारी शेठनी वही उघडली. वरचं वाक्य तसंच आहे, तुझं नाव तसंच आहे, ते मला पुसता आलं नाही. खाली मी लिहिलंय की बिटाची धार आदल्या दिवशी ऑपरेटरच्या नकळत बदलली होती, ती मी बदलली, टोकाची खाच घासून टाकली, आणि तुटलेला तुकडा मी लपवला. खाली माझं पूर्ण नाव आणि सही. ज्याला लागलं त्याचीही सही लागते, म्हणून रोहितला बोलावलं. त्याने वाचलं आणि सही केली. त्या पानाची प्रत यासोबत आहे. तक्त्यात खाचेची ओळ आता सगळ्यात वर आहे.

चौदाला चार दिवस आहेत. पत्र बुधवारपर्यंत पोचावं. लांज्याला काय कळवायचं ते तू ठरव. मी सांगणं आता बरोबर दिसणार नाही.

संचिता


भाईंदर पूर्व
बुधवार, २० ऑगस्ट

दादा,

वहिनीचा फोन आला होता. ती म्हणाली, पाकीट आलं तेव्हा तू ओटीवर होतास. माझं पत्र तू तसंच घडी करून फळीवर ठेवलंस, पण वहीचं पान उभ्याउभ्या वाचलंस, दोनदा. मग आत येऊन तिला एकच विचारलंस, रोहितने सही कुठल्या हाताने केली. तिला ठाऊक नव्हतं. म्हणून तिने मला विचारलं, आणि मी म्हटलं, पत्राने कळवते.

सोमवारपासून तू लांज्याला जातोस, हेही तिने सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी डबा घरीच विसरलास म्हणे.

डाव्या हाताने केली. आधी उजव्या हाताने पेन धरून बघितलं, तिसरं बोट मागे राहिलं आणि पेन फिरलं. मग डाव्यात घेतलं. वही तिरकी करून दिली तरी त्याला नीट जमेना. बराच वेळ लागला. मी शेजारी उभी होते, तर म्हणाला, "ताई, बघू नका, बघितलं की अजून वाकडी येते." मी खिडकीकडे तोंड केलं. पेन घासल्याचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. पेन खाली ठेवलं ते ऐकून मी वळले. रोहितमधला त ओळीच्या बाहेर गेलाय, प्रतीत दिसतो. त्यावर त्याने स्वतःच एक रेघ ओढली आणि म्हणाला, "चालेल ना शेठ?" शेठ म्हणाले, "चलेगा."

तू एवढंच विचारलंस, म्हणून एवढंच लिहिते.

संचिता